थकलेल्यांची मीटिंग

१ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

ही वही पुढे जी बाई वाचून घेणार आहे, तिला आधीच बजावते. बाई गं, तू विसरभोळी आहेस. परवा चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधलास. गुरुवारी दूध उतू घालवलंस आणि 'कसला वास येतोय' म्हणून शेजारणीचं दार वाजवलंस. तेव्हा हे सगळं कुणी वाचून दाखवलं, की 'मी असं कधी म्हटलं?' असा चेहरा करायचा नाही. म्हटलं होतंस. लिहून ठेवलंय.

ती बाई म्हणजे मीच. मला वाचता येत नाही, हा भाग वेगळा. अक्षरांचं आणि माझं कधी जमलं नाही. त्यांनी बोलावलं नाही, मी गेले नाही.

लिहिणार सूनबाई. वहीची कल्पनाही तिचीच. ती चष्म्याच्या दुकानात असते, दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, त्यामुळे तिला सगळं लेखी लागतं. म्हणाली, आई, तुम्ही काल बोललेलं आज नाकारता, आपण लिहून ठेवू. मी म्हटलं, ठेव. मला कसली भीती?

विषय असा. आमचे चिरंजीव हल्ली थकतात. पूर्वी शनिवारी थकायचे, आता सोमवारीही थकतात. लिफ्ट दुरुस्तीचं काम, अंगमेहनत. संध्याकाळी घरी येतात ते भिंतीला विचारत विचारत.

इथे सूनबाईंनी पेन थांबवलं. म्हणाली, सरळ शब्द लिहू का? मी म्हटलं, थकवा लिही. या घरात थकवाच म्हणतात. हा शब्द मला माझ्या सासूबाईंनी दिला. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, हे जिन्यात बसून स्वतःच्या बुटाशी भांडत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'काही नाही गं, थकलाय.' इतका सोयीचा शब्द! शेजाऱ्यांना सांगता येतो, ऑफिसात कळवता येतो, डॉक्टरलासुद्धा चालतो. हे गेले तेव्हाही मी सगळ्यांना तेच सांगितलं. शब्द जपून वापरला, सुनेला दिला. ती घेत नाही. आजकालच्या मुलींना घरातल्या जुन्या वस्तूंची कदर नाही.

तर सूनबाईंनी अट घातलीय. अशा लोकांच्या मीटिंगा असतात म्हणे. गोल करून बसतात, आपापलं सांगतात आणि सुटतात. बावीस तारखेला नातीचा वाढदिवस. तोवर हा एका तरी मीटिंगला गेला पाहिजे, नाहीतर ती मुलीला घेऊन आईकडे जाणार. चिडून म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं. कांदा चिरता चिरता म्हणाली. तिने म्हणे पूर्वी दोनदा मीटिंग शोधून दिली होती, दोन्ही वेळा हा उंबऱ्याबाहेर पडला नाही. 'आता मी शोधणार नाही.'

चिरंजीव म्हणाले, आई शोधेल. आईने शोधली तर मी नक्की जातो.

बघा, आईवर केवढा विश्वास! सूनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा कांदा घेतला.

निश्चय: आठवड्याच्या आत मीटिंग शोधायची. गाजावाजा न करता. खरं तर त्याला जायलाही लागू नये. मी जाईन, नीट ऐकून येईन आणि घरी येऊन त्याला सांगेन. मुलगा आजारी असला की औषध आईच आणते, मुलाला दुकानात नेऊन उभं करत नाही.

३ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळ.

मंगळवार म्हणजे गुडघ्याचा शेक. तळमजल्यावर शेकाची खोली, बाहेर लांब बाक, बाकाच्या वर निळी पाटी, पाटीवर जिन्याकडे जाणारा बाण. लिफ्ट बंद. ती मी जायला लागल्यापासून बंदच आहे.

शेक देणाऱ्या मुलीला आडून विचारलं, थकलेल्या माणसांसाठी इथे जवळपास काही असतं का गं? म्हणाली, आजी, थकलेले सगळे इथेच येतात. आणि शेक वाढवला.

माझा नंबर येईपर्यंत दर मंगळवारी तिथे एक टोळकं जमतं. विमा एजंट असावेत. एकमेकांशी हात मिळवतात, पाठीवर थाप मारतात, कुणी नवा दिसला की सगळे त्याच्याकडे धावतात. विम्याशिवाय परक्या माणसावर इतकं प्रेम कोण करतं? मग धापा टाकत जिना चढतात. त्यांच्यातला एक मफलरवाला मला थर्मासमधला चहा देतो. चहा चांगला असतो. बिस्किटं सादळलेली.

५ नोव्हेंबर, गुरुवार.

औषधाच्या दुकानात गेले. म्हटलं, ओळखीतला एक माणूस फार थकतो, अशांचं काही मंडळ वगैरे? दुकानदाराने विचारलं, भूक? म्हटलं, कमी. झोप? म्हटलं, भरपूर. कुठेही.

ताकदीच्या गोळ्या दिल्या. चिरंजीवांनी घेतल्या. गुण आला. पूर्वी दार वाजवायचा, आता ढकलतो.

दुकानदाराने एक पत्ताही सांगितला. शनिवारी सकाळी, पोहण्याच्या तलावाच्या वरच्या हॉलमध्ये. थकलेले लोक जमतात. मला वाटतं, सापडली.

७ नोव्हेंबर, शनिवार.

सापडली नाही. पण वाया गेलं असंही नाही.

हॉलमध्ये सगळे चटईवर उताणे पडलेले. मला वाटलं, अरे वा, इथे तर फारच थकलेले दिसतात. एक बाई हळू आवाजात म्हणत होत्या, सोडून द्या, सगळं सोडून द्या. म्हटलं, हेच ते! सोडायचंच तर शिकायला आलोय. नीट लक्ष देऊन ऐकत होते. डोळे उघडले तेव्हा हॉल रिकामा, आणि त्या बाई खुर्चीत बसून माझी वाट बघत होत्या. म्हणाल्या, इतक्या पटकन सोडणारं मी कुणी पाहिलं नाही.

घरी येऊन चिरंजीवांना शिकवायला गेले. तो आधीच पॅसेजमध्ये उताणा पडला होता, सगळं सोडून. एक बूटसुद्धा. सूनबाई धुण्याची बादली घेऊन त्याच्यावरून ओलांडून गेली. पाय जरा उंच उचलला, बस. सवयीचं वाटलं मला ते.

नवा निश्चय: चौकशी वाढवायची. शब्द मात्र सांभाळायचा.

१० नोव्हेंबर, मंगळवार.

आज त्या मफलरवाल्यालाच विचारलं. विमावाल्यांना गावभरची माहिती असते. हळूच म्हटलं, काय हो, थकलेल्या लोकांची मीटिंग इथे कुठे असते का?

तो इतका हसला की चहा सांडला. म्हणाला, आजी, आम्ही सगळे थकलेलेच. या ना वर.

मी म्हटलं, मला विमा नको.

'विमा?' तो म्हणाला, आणि परत हसायला लागला. बाकीच्यांना सांगितलं, तेही हसले. माणूस उद्धट नाही, पण गिऱ्हाईक सोडत नाही. जाताना परत म्हणाला, कधीही या, दार उघडंच असतं. मी पर्स घट्ट धरली.

हे सांगत असताना सूनबाईंनी वहीतून मान वर केली. कुठली बिल्डिंग म्हणालात? म्हटलं, शेकाची. पाटी निळी आहे? म्हटलं, निळी. बाण जिन्याकडे? म्हटलं, हो, तुला विमा काढायचाय का?

'नाही,' म्हणाली आणि लिहायला लागली.

११ नोव्हेंबर, बुधवार.

चिरंजीवांना बढती! साहेबांनी लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं काम काढून घेतलं आणि स्टोअरमध्ये खुर्ची दिली. बसून नटबोल्ट निवडायचे. उंचीवरचं काम नाही, धोका नाही, किल्ल्या-हत्यारांना हात लावायचा नाही. इतकी काळजी साहेब उगीच कुणाची घेतात?

सूनबाईंनी 'बढती' लिहिलं की आणखी काही, कोण जाणे. तीन अक्षरांच्या मानाने पेन जास्त वेळ चाललं.

१४ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी जेवायच्या आधी, कारण दम धरवत नाही.

सापडली! सापडली, सापडली, सापडली.

झालं असं. काल केस कापायला गेले होते. थकवा या शब्दाने कामं होत नाहीत हे एव्हाना कळलं होतं, म्हणून एक पायरी खाली उतरले. केस कापणारीला म्हटलं, बाटली सोडवायला मदत करतात अशी काही जागा असते का गं? ती कात्री न थांबवता म्हणाली, हो, बाळांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, शनिवारी सकाळी. माझी बहीण जाते.

म्हटलं, बिचारी बहीण. आणि काय हुशार जागा! बाळांच्या दवाखान्यामागे कोण शंका घेणार?

गेले. गोल करून बसलेल्या होत्या. सगळ्या बायकाच. पुरुष स्वतः कुठले येताहेत! म्हणजे घरच्यांनी येऊन ऐकायचं, हा माझा अंदाज तंतोतंत. प्रत्येकीच्या मांडीवर तान्हं बाळ. घरी कुणाच्या भरवशावर ठेवणार, नवरा त्या अवस्थेत असताना? मला भरून आलं.

आणि एकेकीचं बोलणं काय सांगू. जणू आमच्याच घरात येऊन ऐकून गेल्या होत्या. एक म्हणाली, संध्याकाळ झाली की हट्ट सुरू. दुसरी म्हणाली, माझा तर बाटली धरल्याशिवाय झोपतच नाही. तिसरी म्हणाली, लपवून ठेवली तर घर डोक्यावर घेतो. एक म्हणाली, आमच्याकडे सासूबाईंनी सवय लावली. मी म्हटलं, आमच्याकडेही ती त्याच बाजूने आलीय. सगळ्या हसल्या.

एकीने विचारलं, आजी, तुमचं केवढं आहे?

म्हटलं, बेचाळीस वर्षांचं.

पुन्हा हसल्या. मला म्हणाल्या, तुम्ही येत जा, बरं वाटतं. मग विचारलं, रात्री झोपतो का? म्हटलं, झोपतो, कपड्यांसकट. उलट्या? म्हटलं, शनिवारी. बाईंनी मान डोलावली.

बाई म्हणजे तिथली नर्स. तिने उपाय सांगितले, मी सगळे पाठ करून आणले. रोज थोडं थोडं पाणी वाढवायचं. बाटलीऐवजी कपातून द्यायचं. संध्याकाळी ती वेळ झाली की लक्ष दुसरीकडे वळवायचं. रडला तर मांडीवर घ्यायचं, पण बाटली द्यायची नाही. शेवटी ती म्हणाली, एका दिवसात सुटत नाही. आणि नाही सुटली तर स्वतःला दोष देऊ नका, तुम्ही थकलेल्या आहात.

मी थोडी रडले. मला असं कुणी म्हटलं नव्हतं. एका बाळाने माझं बोट धरून ठेवलं होतं.

हे लिहिताना सूनबाईंचे खांदे हलत होते. मला वाटलं, तीही रडतेय. मग कळलं, हसतेय. मग परत पाहिलं तर नक्की सांगता येईना. विचारलं, काय गं? म्हणाली, काही नाही आई, नर्सचं बरोबर आहे.

१६ नोव्हेंबर, सोमवार.

उपचार सुरू.

पाणी वाढवलं. स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरून, तो आंघोळीला गेलेला असताना. नातीने पाहिलं. म्हणाली, आजी, बाबांच्या बाटलीत पाणी का? म्हटलं, झाडांना घालायचंय. ती म्हणाली, आपल्याकडे झाडं नाहीत. ही मुलगी आईवर गेलीय.

परिणाम: चिरंजीव एक घोट घेऊन म्हणाले, कंपन्या चोर झाल्यात. आणि दोन आणल्या.

कपातून दिलं. कपातून घेतलं, मग बाटलीतूनही.

लक्ष वळवायला पत्ते काढले. मी दोन डाव जिंकले. तिसऱ्याला त्याने पत्ते उलटे धरले होते, तरीही तोच जिंकला.

मांडीवर घ्यायचं राहिलंय. गुडघा बरा झाला की बघू.

१७ नोव्हेंबर, मंगळवार.

शेक. चहा. मफलरवाल्याने विचारलं, सापडली का मीटिंग? म्हटलं, सापडली होती. तो म्हणाला, मग? म्हटलं, मग काय, पत्ते.

बाकावरून उठवत नव्हतं. ते लोक वर गेले तेव्हा जिन्यातून हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग परत हसले. विम्यात एवढं काय असतं?

सूनबाई, आज एवढंच. मला बोलवत नाही, तुला लिहवत नाही. माझा गुडघा दुखतोय, तुझा हात.

२१ नोव्हेंबर, शनिवार.

उद्या वाढदिवस. चिरंजीवांनी कबूल केलंय, वाढदिवस होऊ दे, पहिल्याच मंगळवारी जातो. कुठे ते तू शोध, म्हणाला, पण जाणार हे नक्की. आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. हात जरा जडच ठेवला, पण मनापासून.

सूनबाई दरवर्षी फळांचा केक करते. त्यात मनुका लागतात, आणि मनुका भिजवायला ते लागतं. वाटीभर. पुस्तकातच तसं लिहिलंय म्हणे. यंदा ती म्हणाली, नको. पण चिरंजीव म्हणाले, वर्षातून एकदा, पोरीचा केक, नीट होऊ दे. स्वतः जाऊन बाटली आणली, मनुका स्वतः भिजवल्या, झाकण लावून ठेवल्या. मला कौतुक वाटलं. घरकामात मन रमायला लागलं की माणूस सुधारतो.

संध्याकाळी सूनबाईंनी झाकण काढलं. मनुका कोरड्या ठणठणीत. बाटलीही.

तिने तशाच घातल्या. मी म्हटलं, कोरड्याही छान लागतात. ती पीठ ढवळत राहिली.

२२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

सूनबाईंनी बॅग भरलीय. दाराशी ठेवलीय. मग येऊन समोर बसली आणि म्हणाली, बोला आई, आजचं लिहून देते. नाहीतर उद्या म्हणाल, असं काही झालंच नाही.

मी म्हटलं, मी सांगत नाही. ती म्हणाली, बरं, मी थांबते. बसून राहिली. म्हणून सांगते.

नातीच्या मैत्रिणी आल्या होत्या. केक कापायचा होता. चिरंजीव खुशीत. पोरींना म्हणाले, चला, लिफ्टची गंमत दाखवतो, लिफ्ट आतून कशी चालते ते. किल्ली त्याच्याकडे होतीच. कामावर जमा करायची होती, ती राहिली असणार. पोरी नाचत गेल्या. सूनबाई मेणबत्त्या शोधत होती. मी तिथेच होते, मी त्याला जा म्हटलं नव्हतं. नको असंही नव्हतं म्हटलं.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. हाका मारल्या तर आतून पोरींचे आवाज, याचा नाही. सूनबाई दाराला कान लावून उभी, हातात मेणबत्त्या. तिच्या मागे मी. आत कुठलीशी मैत्रीण रडायला लागली होती, विचारत होती, तुझे बाबा उठत का नाहीत? आणि आमच्या पोरीचा आवाज आला. अगदी शांत. समजूत घातल्यासारखा.

'काही नाही गं, थकलेत.'

वॉचमनने वर जाऊन हँडल फिरवून लिफ्ट खाली घेतली. कुणाला काही लागलं नाही. पोरी बाहेर आल्या. हा आत बसलेला, भिंतीला टेकून, मांडीवर किल्ल्या. आमची पोर सगळ्यांत शेवटी बाहेर आली. त्याच्या पायातून निसटलेला बूट हातात घेऊन.

सूनबाई म्हणाली, आई, ऐकलंत ना? घेतला तिने तुमचा शब्द.

मी म्हटलं, मी मीटिंग शोधत होते, तुला माहीत आहे, पाय झिजवले मी. ती म्हणाली, त्याने तुम्हालाच का शोधायला सांगितली, कळलं का तुम्हाला? पाटी वाचता येत नाही, आणि विचारायचा तो शब्द तोंडातून निघत नाही. त्याला पक्कं ठाऊक होतं, तुम्हाला सापडणार नाही.

मग म्हणाली, मला माहीत आहे ती कुठे असते.

म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? रोज समोर बसून लिहीत होतीस!

म्हणाली, तुम्ही थकव्याची मीटिंग शोधत होतात, आई. तसली मला माहीत नव्हती. माझीही हौस नव्हती हो. पण तिसऱ्यांदा माझ्याच तोंडून नाही सांगायची, असं ठरवलं होतं.

आवाज चढवला नाही तिने. तेच तर. भांडली असती तर मी जिंकले असते.

केक कापलाच नाही. तिने डब्यात भरून नेला. नात जाताना माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, आजी, तू थकू नकोस हं.

१ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळ.

अक्षर बदललंय म्हणे. मला काय, दोन्ही सारखीच. लिहिणारे चिरंजीव आहेत. हात हलतो त्याचा. वही हलत नाही ना, मग चालेल.

मधले दिवस लिहायला कुणी नव्हतं, म्हणून आधी गेल्या मंगळवारचं. लिही.

शेकाला गेले. बाकावर बसले. मफलरवाला चहा घेऊन आला. मी म्हटलं, विमा नको. मीटिंग हवीय. माझा मुलगा… आणि तो शब्द म्हटला. सबंध आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, आता बिल्डिंग पडेल. शेक देणारी मुलगी दार उघडून म्हणाली, पुढचा नंबर.

मफलरवाला हसला नाही. शेजारी बसला. म्हणाला, मग बरोबर जागी बसला आहात, आजी. तुमच्या डोक्यावरच पाटी आहे.

म्हटलं, काय लिहिलंय? त्याने वाचून दाखवलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. तो शब्द आला तिथे मी म्हटलं, थांबा. परत दाखवा. दोनच अक्षरं, मध्ये उभी दांडी, आणि शेवटच्या अक्षराच्या पोटाला उंदराची शेपटी. एवढुसा तर शब्द. इतके मंगळवार मी त्याच्या खाली बसून बिस्किटं खाल्ली.

मी म्हटलं, बरं, मग चला वर. मी त्याच्या वतीने येते, नीट ऐकते, घरी जाऊन सांगते. तो म्हणाला, वतीने नाही चालत आजी. त्याचं त्यालाच यावं लागतं. घरच्यांची गुरुवारी असते, तुम्ही गुरुवारी या.

म्हटलं, मला काय धाड भरलीय?

तो म्हणाला, चहा घ्या.

गुरुवारी गेले नाही. गुडघा दुखत होता. हेही लिही.

आता पुढचं लिही. माझा मुलगा… पेन का थांबलं? काय विचारतोयस? 'थकतो' लिहू का?

नाही. तो शब्द लिही.

लिहिलास? दाखव. हा नव्हे. मला काय समजलास? याला शेपटी कुठाय? पाटीवर हा नाही. खोड आणि परत लिही. मी बसलेय, मला कुठे जायचं नाही.

हां. हाच. माझा मुलगा दारू पितो.

उभ्या आयुष्यात मला वाचता आलेला हा पहिला शब्द. दुसरा कुठला तरी चालला असता.

त्याने पेनाला टोपण लावलं, परत काढलं. मग म्हणाला, आई, तुला सापडणार नाही असं मला वाटलं होतं. म्हटलं, माहीत आहे, तुझ्या बायकोने सांगितलं. हे लिहिलं नाहीस तरी चालेल. लिहिलंस? बरं.

आता आजचं. आज तो माझ्याबरोबर शेकाला आला. गुडघा धरायला, म्हणाला. बाकावर बसला, पाटीकडे पाठ करून. टोळकं आलं. नवा माणूस दिसला तरी आज कुणी धावलं नाही. मफलरवाल्याने चहा दिला, याने दोन्ही हातांनी कप धरला, तरी बाकावर सांडला. मफलरवाल्याने सांडलेला चहा आपल्या मफलरने पुसला आणि म्हणाला, जिना चढून जीव जातो हो, ही लिफ्ट कायमची बंद. याने मान वर केली. काय झालंय लिफ्टला? तो म्हणाला, कोण जाणे, वर येऊन बघा.

चिरंजीव लिफ्ट बघायला वर गेले.

माझा शेक झाला. मी परत बाकावर येऊन बसले. शेकाची मुलगी कुलूप लावून गेली. वरून हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. लिफ्ट बघायला इतका वेळ लागत नाही. मी लिफ्टवाल्याची आई आहे, मला कळतं. खाली आला तेव्हा हाताला ग्रीसचा डाग नव्हता. मी म्हटलं, काय झालंय लिफ्टला? म्हणाला, जुनी आहे, वेळ लागेल.

लिफ्ट अजून बंदच आहे.

रस्त्यात म्हणाला, पुढच्या मंगळवारी खायला आणायची पाळी त्यांनी माझ्यावर टाकलीय. म्हटलं, घेतलीस? म्हणाला, नाही म्हणायला सुचलं नाही. पुढच्या मंगळवारपर्यंत काय होईल मला माहीत नाही. काल संध्याकाळचं मी इथे सांगत नाही, त्याला माहीत आहे आणि मला माहीत आहे. नर्सने सांगितलंच होतं, एका दिवसात सुटत नाही. तिने ते दुसऱ्या बाटलीबद्दल सांगितलं होतं, हे मला आता कळलंय. हसू नकोस. लिही.

या पानाचा फोटो काढ आणि सूनबाईला पाठव. वर खोडलेलं आहे, तेही दिसू दे.

सूनबाई, तू परत ये असं मी म्हणत नाही. परवा गुरुवारी जाऊन येते मी. पोरीला सांग, आजी थकली नाही, आजीचा गुडघा दुखतो. गुडघ्याला गुडघा म्हणायचं.

आणि सोमवारपर्यंत केक पाठव. फळांचाच. मोठा कर, ही माणसं जिना चढून येतात आणि त्यांची बिस्किटं सादळलेली असतात. मनुका साध्या पाण्यात भिजव.